बसल खाली येतोय? पोलादाला हात लावण्याआधी कंबर तपासा

आनंदीबाई जोशींच्या फिलाडेल्फियातल्या दिवसांवर नाटक करायचं ठरलं की सगळ्यांचं लक्ष नऊवारीकडे जातं, आणि ते बरोबरच आहे. पण आनंदीबाई १८८३ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या आणि १८८६ च्या मार्चमध्ये डॉक्टर झाल्या. याच वर्षांत तिकडच्या बायकांच्या घागऱ्याला मागून जवळजवळ आडवा, फळीसारखा उठाव आला होता. आनंदीबाईंच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या, त्यांना न्यू जर्सीत घरी ठेवून घेणाऱ्या मिसेस कार्पेंटर, वैद्यकीय कॉलेजच्या डीन रेचल बॉडली, वर्गातल्या विद्यार्थिनी यांच्या अंगावर तो उठाव नसेल तर त्या १८८५ च्या वाटतच नाहीत. नुसते लांब झगे घातलेल्या बायका वाटतात.

हा उठाव वरच्या पोशाखातून मिळत नाही, तो आतल्या कपड्यांतून येतो. अंगाला लागून शेमिज (सैल सुती झगा) आणि ड्रॉवर्स (सैल चोळणा), त्यावर कॉर्सेट (मागून दोरीनं आवळायची, पट्ट्या घातलेली कडक चोळी), मग बसल, त्यावर एक किंवा दोन परकर. बसल म्हणजे कमरेला मागून बांधायचा पोलादी पट्ट्यांचा अर्धा पिंजरा. असे बसल मी हौशी आणि प्रायोगिक नाटकांसाठी शिवते, आणि शिवले त्याहून जास्त दुरुस्त केले आहेत. तक्रार दर वेळी तीच असते: पहिल्या अंकात छान दिसतो, दुसऱ्या अंकात खाली येतो. तक्रार घेऊन येणाऱ्यानं बहुतेक वेळा निदानही करून ठेवलेलं असतं, की पट्टी पातळ पडली, जाड घाला.

सुरुवातीला मीही जाड पट्टी घातली. जाड पट्टी जड असते, त्यामुळे बसल आणखी लवकर खाली आला. तेव्हापासून मी एक क्रम पाळते. बसल कमरेला टांगलेला असतो, म्हणून तपासणी कमरेपासून सुरू करायची आणि खाली जायचं. पोलाद सगळ्यात शेवटी.

आधी लक्षण नीट ओळखा

नटीला सगळे थर घालून उभं करा. कॅमेरा तिच्या कमरेच्या उंचीवर धरून बाजूनं एक फोटो काढा. मग तिला चालू द्या, दोन-तीनदा बसू द्या, जिना चढू-उतरू द्या. अर्ध्या तासानं त्याच जागेवरून दुसरा फोटो काढा. दोन्ही फोटो शेजारी ठेवले की बिघाड कुठला आहे ते बहुतेक वेळा तिथंच कळतं. "खाली येतो" या एकाच तक्रारीत मी आजवर हे वेगवेगळे बिघाड पाहिले आहेत:

- अख्खा बसल खाली सरकतो. उठाव कमरेपासून सुरू व्हायच्या ऐवजी नितंबांच्या मध्यावरून सुरू होतो.
- बसल जागेवर आहे, पण चपटा झालाय. मागचा घागरा जमिनीवर लोळायला लागतो.
- वरचा उठाव शाबूत आहे, पण त्याच्या खाली घागरा आत जातो आणि मांडीमागे खोबण दिसते.
- चालताना बसल घंटेसारखा डावी-उजवीकडे डोलतो.
- एक बाजू वर, एक बाजू खाली.
- घागऱ्यावर आडव्या वळ्या दिसतात, आतल्या पट्ट्या मोजता येतात.
- मागून घोटे दिसतात आणि समोरून घागरा पायात येतो.

शेवटचं लक्षण दिसलं तर बसलला हात लावू नका, तो नीट काम करतोय. घागऱ्याचा खालचा काठ बसल न घालता दुमडला गेलाय, एवढाच त्याचा अर्थ. उठावावरून जाणारं कापड जास्त लांब लागतं. बसल आणि परकर घालून कमरेपासून जमिनीपर्यंत टेप धरा, समोरून एकदा, बाजूंनी एकदा आणि मागून उठावावरून एकदा. ही मापं वेगवेगळी येणारच. काठ त्या मापांनी पुन्हा दुमडा. मागे कापड शिल्लक नसेल तर खाली झालरीची पट्टी जोडा.

साल तपासा

याला पैसे लागत नाहीत, फक्त चित्रं बघावी लागतात. बसलचे दोन काळ आहेत. पहिला साधारण १८६९ ते १८७६. त्यात उठाव गोलसर आहे आणि घागरा मागे उतरत्या टेकडीसारखा पसरतो. दुसरा १८८३ ते १८८९. त्यात उठाव उंच, आडवा आणि टोकदार. मधल्या पाच-सहा वर्षांत घागरा अंगाला इतका चिकटलेला होता की मोठ्या बसलला जागाच नव्हती, आणि भरगच्चपणा गुडघ्याच्या खाली उतरला होता.

हे इतकं सांगण्याचं कारण असं की "उठाव कमी पडतो" म्हणून माझ्याकडे आलेले काही पोशाख मुळात १८८० च्या चित्रांवरून बेतलेले होते. त्या घागऱ्याच्या मागच्या पाटात, म्हणजे मागच्या भागात, कापडच कमी असतं. त्याच्या आत १८८६ चा बसल कोंबला की घागरा त्याला दाबून चपटा करतो. दोष बसलचा नाही, आतला आणि बाहेरचा कपडा वेगवेगळ्या सालांतले आहेत. आनंदीबाईंच्या नाटकात ही अडचण हमखास येते, कारण कथा बरोबर बदलाच्या वर्षी सुरू होते. १८८३ च्या जूनमध्ये न्यू जर्सीतल्या लहान गावात राहणाऱ्या मध्यमवयीन गृहिणीला मी पूर्ण फळी देत नाही, लहानशी गादी देते. १८८६ च्या पदवीदान प्रवेशात मात्र पूर्ण बसल.

गाठ कुठे आहे आणि कशाची आहे

नटीला बाजूला वाकायला सांगा. पोटाच्या बाजूला जिथे घडी पडते ती खरी कंबर. तिथे एक सुती नाडी बांधून ठेवा. आज बहुतेक जणी जीन्स आणि सलवार या घडीच्या खाली घालतात, त्यामुळे "कमरेला बांध" म्हटलं की हात आपोआप चार बोटं खाली जातो. तिथे कटीचं हाड रुंद होत जातं, पण मागे आधार नसतो. वजन मागे असल्यामुळे पट्टा मागून उतरतो आणि पुढून वर चढतो. पहिल्या लक्षणाचं बहुतेक वेळा एवढंच कारण निघतं. नऊवारी नेसणारीला हे समजावून सांगावं लागत नाही. कमरेची गाठ ढिली राहिली तर पुढच्या निऱ्या आणि मागचा काष्टा कितीही चापूनचोपून घातले तरी टिकत नाहीत, हे तिला ठाऊक असतं.

नंतर नाडी बघा. सॅटिनची रिबन दिसायला सुंदर असते आणि गाठीत घसरते. नायलॉनची नाडीही घसरते. परकराची साधी विणलेली सुती नाडी किंवा एक इंच रुंदीची सुती ट्विल टेप वापरा. गाठ सरळ मारा, म्हणजे दुसरा वेढा पहिल्याच्या उलट दिशेनं घ्या. दोन्ही वेढे एकाच दिशेनं घेतले तर ती गाठ चालताना सुटत जाते. त्या काळच्या अनेक बसलांना नाडीऐवजी बक्कल असलेला कमरपट्टा असे, आणि रंगभूमीसाठी मला तोच जास्त पसंत आहे. विंगेत अंधारात घाईनं कपडे बदलताना बक्कल दर वेळी त्याच छिद्रात लागतं. गाठ मात्र प्रत्येक प्रयोगाला वेगळी बसते.

बसलची गाठ समोर आली तर परकराची बाजूला घ्या. सगळ्या गाठी एकावर एक आल्या की तिथे गोळा होतो आणि वरचा प्रत्येक पट्टा त्यावरून घसरतो.

कॉर्सेट

कॉर्सेट न घालता बसल बांधला तर तो उतरणारच. उघडी कंबर मऊ असते, पट्टा तिच्यात रुततो आणि श्वासागणिक हलतो. कॉर्सेट तिथे एक घट्ट, निमुळती जागा तयार करतं आणि पट्टा त्या सगळ्यात अरुंद जागी बसून राहतो. शिवाय तीन-चार नाड्यांचा दाब एका रेषेवर न येता पसरतो. कॉर्सेट कंबर बारीक करायला होतं, एवढंच आपल्याकडे लोकांना माहीत असतं. माझ्या अनुभवात त्याचं मोठं काम वजन पेलण्याचं आहे.

मागून लेस, म्हणजे कॉर्सेट आवळायची दोरी, बघा. दोन्ही कडांमधली फट वरपासून खालपर्यंत साधारण सारखी हवी, चार-पाच सेंटिमीटर. फट इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाली निमुळती झाली असेल तर खालून जास्त आवळलंय आणि बरगड्यांवर सैल आहे. उलट असेल तर कॉर्सेट खालून उघडं पडलंय आणि त्याच्या खालच्या कडेवरून बसल घसरतोय. लेस एका दमात ओढू नका. वरून कमरेपर्यंत आणि खालून कमरेपर्यंत सैल भाग सरकवत आणा, मग कमरेवरचे दोन फासे ओढा. दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा थोडं ओढा. नटीच्या नैसर्गिक कमरेपेक्षा पाच सेंटिमीटरहून जास्त मी कधीच आवळत नाही. तिला बोलायचं असतं, श्वास लांबवायचा असतो, आणि प्रेक्षकाला पाच सेंटिमीटरचा फरक पुरेसा दिसतो. बाकीचं काम उठाव करतो, कारण मागचा भाग मोठा दिसला की कंबर आपोआप लहान दिसते.

नवीन कॉर्सेट थेट रंगीत तालमीला घालायला देऊ नका. आठ-दहा दिवस रोज तास-दीड तास सैलसर घालू दे. कापड आणि पट्ट्या अंगाप्रमाणे वळतात, मग तेच कॉर्सेट जागेवर राहतं.

बाजूला वाकून शोधलेल्या घडीवर कॉर्सेटची सगळ्यात अरुंद जागा येते का, तेही बघा. दोन सेंटिमीटर वर-खाली असेल तर चालतं. त्याहून जास्त फरक असेल तर हे कॉर्सेट या अंगाचं नाही. कितीही आवळलं तरी ते आपली अरुंद जागा शोधत वर किंवा खाली सरकेल आणि सोबत बसलला घेऊन जाईल. तात्पुरता उपाय म्हणून मी कॉर्सेटच्या मागे, कमरेच्या रेषेवर, दोन जाड सुती फासे शिवते आणि बसलच्या पट्ट्याला हूक लावते. प्रयोग निभावतो. पण हा आधार आहे, दुरुस्ती नव्हे.

आतल्या नाड्या

चपटा झालेला बसल पाहिला की मी आधी तो उलटा करते. पोलादी पट्टी सरळ असते, तिला कमान आपण देतो. दोन्ही टोकांच्या मध्ये आतून नाड्या बांधलेल्या असतात, किंवा आयलेट (धातूची कडी बसवलेली छिद्रं) लावून लेस ओवलेली असते. धनुष्याला दोरी लागते तसंच आहे हे. दोरी सैल झाली की धनुष्य सरळ होतं.

किती सैल झाल्यावर किती फरक पडतो, याचा अंदाज नसल्यामुळे लोक हे कारण सोडून देतात. समजा पट्टी ५५ सेंटिमीटर लांब आहे. नाडीनं तिची टोकं ३५ सेंटिमीटरवर आणली तर अर्धवर्तुळ होतं आणि मागे साडेसतरा सेंटिमीटर उठाव मिळतो. टोकं ४५ वर गेली की उठाव साडेतेराच्या आसपास येतो. ५० वर गेली तर जेमतेम १० उरतो. म्हणजे नाडी एकूण एक वीत सैल झाली नाही तोच उठाव जवळजवळ निम्म्यावर येतो. पट्टी तीच असते, तिची ताकदही तेवढीच असते.

म्हणून प्रत्येक पट्टीच्या टोकांमधलं अंतर मोजून कागदावर लिहून ठेवा आणि प्रत्येक प्रयोगाआधी मोजा. नाडी नव्यानं बांधली की गाठीवर दोन हातटाके घाला. सगळ्या पट्ट्यांना सारखी कमान देऊ नका. दुसऱ्या बसलकाळात वरच्या पट्ट्या जास्त वळलेल्या आणि खालच्या मोकळ्या असतात, त्यामुळेच वरचा भाग फळीसारखा दिसतो आणि खाली घेर उतरतो. एक बाजू वर दिसत असेल तर नाड्या मध्यावर आहेत का बघा. मागच्या मध्यशिवणीवर ओळंबा धरा, गवंड्याचा नसेल तर दोऱ्याला किल्ली बांधून. शिवण दोऱ्याबरोबर आली नाही तर जी बाजू ओढली गेलीय तिथली नाडी थोडी सैल करा.

डोलणाऱ्या बसलचा उपायही आतच असतो. बसलच्या खालच्या भागातून दोन नाड्या पुढे आणून मांडीभोवती सैल बांधा, किंवा बसलच्या दोन्ही कडा कमरपट्ट्याच्या पुढच्या भागाला तिरक्या टेपनं जोडा. घागऱ्यालाही आतून मागच्या पाटाला टेपा लागतात. त्या काळच्या घागऱ्यांत मागचा भरगच्चपणा मागेच राहावा म्हणून आतून अशा टेपा शिवलेल्या असत. त्या नसतील तर कापड बाजूंना पळतं आणि बसल उघडा पडतो.

ती बसते कशी

हा प्रश्न तालमीत दिग्दर्शकाला आवडत नाही, पण विचारावा लागतो. बसल घालून खुर्चीच्या पाठीला टेकून बसता येत नाही. कडेवर, किंचित तिरकं बसायचं आणि बसताना हातानं बसल एका बाजूला किंवा वर सरकू द्यायचा. त्या काळी यावर यंत्रं निघाली. लिली लँगट्री या अभिनेत्रीच्या नावानं विकल्या जाणाऱ्या बसलच्या पट्ट्या बसताना वर दुमडत आणि उठताना आपोआप खाली येत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात १८८४ च्या सुमाराचा 'न्यू फँटम' नावाचा बसल आहे, त्याच्या तारा कमरेपाशी एका खिळीवर फिरतात. आपल्या साध्या बसलमध्ये अशी सोय नसते. नटी धपकन बसली की पट्टी एकाच जागी दुमडते आणि तिथे कायमचा बाक येतो. प्रत्येक तालमीला जुना बसल घालून बसण्याचा सराव करून घ्या. पाठ असलेली हातांची खुर्ची बदलून साधं स्टूल ठेवता आलं तर फार बरं. आणि घरून थिएटरपर्यंत रिक्षात बसल घालून येऊ नका, तो पिशवीत आणा.

परकर आणि खालची खोबण

तिसरं लक्षण आणि आडव्या वळ्या, दोन्हींचं कारण एकच: बसलवर पुरेसा परकर नाही. पोलादी पट्ट्या आणि घागरा यांच्या मध्ये किमान एक झालरींचा परकर हवा. मागच्या बाजूला आडव्या झालरी, एकीखाली एक, वरच्या झालरीनं खालचीची शिवण झाकली जाईल अशा.

बाजारात लेहेंग्याखाली घालायचा कॅनकॅन परकर तयार मिळतो आणि तो घालण्याचा मोह होतो. तो चारही बाजूंनी फुगतो. समोरून फुगलेला घागरा १८८० च्या दशकात कुठेच बसत नाही, तिथे पुढचा पाट जवळजवळ सपाट असतो. कॅनकॅनची कडक जाळी मात्र उपयोगी आहे. तिच्या पट्ट्या कापून परकराच्या फक्त मागच्या झालरींच्या आत घाला. बोचू नये म्हणून कडांना सुती पट्टी लावा.

मूळ पद्धत खळीची. सुती परकराला कांजी घालून कडक इस्त्री केली की झालरी उभ्या राहतात. पावसाळ्यात मुंबईत किंवा कोकणात प्रयोग असेल तर खळीवर भरवसा ठेवू नका, दमट हवेत ती तासाभरात मऊ पडते. तेव्हा जाळीच बरी. कापडासाठी लाँगक्लॉथ घ्या. लाँगक्लॉथ आणि मदपोलम ही सुती कापडं त्या काळी तिकडच्या आतल्या कपड्यांसाठी सर्रास वापरत, आणि मदपोलम हे नाव गोदावरीच्या मुखाजवळच्या आंध्रातल्या गावावरून पडलेलं आहे.

वजन

सामान तोलायचा हातातला काटा घ्या आणि बसलवर येणारे सगळे कपडे एकत्र लटकवून तोला. लंडनमध्ये १८८१ साली स्थापन झालेल्या रॅशनल ड्रेस सोसायटीनं बायकांच्या आतल्या कपड्यांचं वजन, बूट सोडून, ७ पौंडांपेक्षा जास्त नसावं असा आग्रह धरला होता. म्हणजे सुमारे ३.२ किलो. तो आग्रह धरावा लागला, यावरूनच नेहमीचं वजन किती होत असेल ते कळतं. आपल्याकडे घागरा बहुधा पडद्याच्या किंवा सोफ्याच्या जाड कापडातून शिवला जातो, कारण ते स्वस्तात मिळतं. त्या घागऱ्याखाली कुठलाच बसल टिकत नाही. मागचा पाट हलक्या कापडातून पुन्हा शिवा. जाड कापड हवंच असेल तर फक्त पुढच्या पाटात ठेवा.

नेफे आणि कापड

इथून पुढे शिवण उसवावी लागते. पट्ट्या ज्या नेफ्यांतून जातात ते पट्टीपेक्षा फार रुंद असतील तर पट्टी आत आडवी फिरते आणि कमान ढासळते. पट्टीच्या रुंदीपेक्षा तीन मिलिमीटर जास्त पुरेसे. नेफ्याच्या टोकाला कापड विरलं असेल तर पट्टी बाहेर डोकावते. तिथे दुहेरी ट्विलचा तुकडा लावा. पॉपलीन यासाठी नको, ते ताणतं. ड्रिल किंवा घट्ट विणीचं ट्विल घ्या आणि उभा धागा वरून खाली येईल असंच बेता. कापड वाचवायला उरेब, म्हणजे धाग्याला तिरका, कापलेला बसल माझ्याकडे एकदा आला होता. दोन प्रयोगांत तो चार बोटं लांब झाला होता, आणि त्याला दुरुस्ती नव्हती.

आता पट्ट्या

एवढं सगळं बघून झालं आणि उठाव तरी चपटा असेल तर पट्टी काढा. तांब्याभोवती गुंडाळा आणि सोडा. पुन्हा सरळ झाली तर ती चांगली आहे. बाक राहिला तर बदला.

केबल टाय स्वस्त असतात, आणि कॉर्सेटच्या सरावाच्या नमुन्यासाठी मीही वापरते. बसलसाठी नकोत. नायलॉन हवेतली ओल शोषून मऊ पडतं, आणि उन्हात उभ्या गाडीत दुमडून राहिलं तर तोच बाक धरतं. एका पावसाळी दौऱ्यात माझे तीन बसल असेच गेले. जीआय (जस्ताचा लेप असलेल्या लोखंडी) तारेला स्प्रिंग नसते. गोदामातली पॅकिंगची पट्टी धारदार असते, नेफा कापते. आकाशकंदिलाच्या बांबूच्या कामट्या तुटतात आणि तुटलेलं टोक मांडीत घुसतं, त्या अजिबात नकोत. वेत चालतो. अठराव्या शतकातल्या घेरदार आतल्या कपड्यांत वेत वापरतच असत. भिजवून वाकवा, बांधून सावलीत वाळवा. पण दुसऱ्या बसलकाळाची धारदार फळी वेतातून मिळत नाही.

खरा उपाय म्हणजे पांढरा लेप असलेली स्प्रिंग स्टीलची पट्टी, वरच्या दोन-तीन कमानींना १२ मिलिमीटर रुंद आणि खालच्यांना ६ ते ७. कापताना डोळ्यांवर चष्मा हवा, तुकडा उडतो. टोकं कानशीनं गोल करा आणि त्यांवर प्लंबरची टेफ्लॉन टेप आठ-दहा वेढे घट्ट गुंडाळा. बसल धुवायच्या आधी पट्ट्या काढा. गंजाचा डाग सुती कापडावरून सहज जात नाही. ठेवताना घडी न घालता कमरपट्ट्यानं टांगून ठेवा.

इथे थांबा

नटीला धाप लागली, चक्कर आली, बरगडीत दुखलं तर प्रयोग चालू असला तरी लेस सोडा. ओढून सुटत नसेल तर कात्रीनं कापा, लेस पुन्हा मिळते. मांडीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या किंवा बधिरपणा आला तर जांघेजवळची नस दाबली जातेय. कॉर्सेट सैल करूनही तो दुसऱ्या दिवशी राहिला तर डॉक्टरकडे जा. गरोदरपण, हर्निया, पोटाची अलीकडची शस्त्रक्रिया, दमा किंवा तीव्र आम्लपित्त असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कॉर्सेट घालूच नये. दिग्दर्शक काहीही म्हणू दे. अशा वेळी मी रुंद, मऊ सुती पट्टा शिवते, खांद्यावरून दोन पट्टे देते आणि लहान गादी त्याला टांगते. आकृती थोडी कमी उठते, चालतं.

कॉर्सेटची अरुंद जागा चुकीच्या उंचीवर असेल, किंवा छातीच्या कळ्या (उभारासाठी जोडलेले तिकोनी तुकडे) जागेवर नसतील, तर शिवणी आत-बाहेर करून ते सुधारत नाही. अंगाचं माप घेऊन नव्यानं बेतावं लागतं. ते काम कॉर्सेट शिवणाऱ्या अनुभवी माणसाकडे द्या, ब्लाउज शिवणाऱ्या चांगल्या शिंप्यालाही ते लगेच जमेल असं नाही. खिळीवर दुमडणारा बसल हवा असेल तर रिव्हेटचं काम धातूकाम करणाऱ्याकडून करून घ्या. घरी ठोकलेली खिळी सैल होते आणि तार उघडी पडते.

आणि कुणाच्या घरच्या जुन्या पेटीत खरंच त्या काळातलं कॉर्सेट किंवा परकर सापडला, तर तो नमुना म्हणून अंगावर चढवून पाहू नका, धुऊ नका, आतल्या पट्ट्या ओढून काढू नका. स्वच्छ सुती चादरीवर सपाट ठेवा, मापं घ्या, फोटो काढा आणि वस्त्रसंवर्धकाला दाखवा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र आहे, चौकशी तिथून सुरू करता येईल.